बिनपिसाची काडी

वसमतच्या मोंढ्याच्या रस्त्याला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, पत्र्याचे स्क्रू, फवारणी पंपाचे वॉशर, असला माल. धनुष्यबाणाशी त्याचा संबंध नाही आणि खरं तर वसमतचाही फारसा नाही. आमच्याकडे घरोघर सापडते ती गोफण. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला ती आजही खुंटीवरून खाली येते. तिरकमठा बघायचा तर हिंगोलीच्या दसऱ्यात, रामाच्या हातात.

दुकानात तो आणला पुतण्याने. ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला एकाच दिवशी कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची, आणि ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतलेले. मोबाइलवर त्या लढती बघून पोराने जो ध्यास घेतला, तो काही सुटेना. कंपाउंड धनुष्याची किंमत ऐकून वहिनींनी कपाळाला हात लावला. मग मधला रस्ता निघाला, ‘इंडियन राउंड’चा. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत हा प्रकार आहे. धनुष्य बांबूचं, अंतरं ३० आणि ५० मीटर. त्याला सोबत म्हणून मी माझ्यासाठी एक लाँगबो मागवला. ६६ इंच लांब, बांबू आणि लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेला. बाण टेकवायला खोबण नाही, नेमाला काटा नाही. बाण ठेवायचा डाव्या मुठीवर, तर्जनीच्या सांध्याला टेकवून, आणि सोडायचा.

धनुष्याबरोबर आलेले लाकडी बाण शेपूट हलवत जायचे आणि डावीकडे पडायचे. “काका, तुमचा हात हलतो,” पुतण्याचं निदान. हात हलत असणारच. पण हलणारा हात कधी इकडे कधी तिकडे जाईल. दर खेपेला एकाच अंगाला कसा जाईल? दुकानात एखाद्या खोक्यातले सगळेच स्क्रू बसेनात तर गिऱ्हाइकाच्या हाताला कोणी दोष देत नाही, साइज बघतात.

साइजच चुकली होती. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला असतो. दोरी ताणून धरली की बाणाचं टोक निशाणाकडे असतं. सोडली की दोरी धावते धनुष्याच्या मध्याकडे, आणि बाण तर मध्यापासून अर्धा इंच बाजूला. म्हणजे दोरी पुढे सरकेल तसं बाणाचं तोंड डावीकडे फिरत जायला पाहिजे. तरीही नीट जमलेला बाण नाकासमोर जातो. या कोड्याला ‘आर्चर्स पॅराडॉक्स’ हे नाव अमेरिकेतल्या रॉबर्ट एल्मर यांनी दिलं. डोळ्यांनी दिसेल असा उलगडा झाला तो १९३० च्या दशकात, क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने सुटता बाण टिपला तेव्हा. बाण काठीसारखा ताठ निघतच नाही. मागून दोरीचा धक्का आणि पुढे टोकाचं वजन यांच्या कैचीत काडी वाकते. आधी मध्यभाग धनुष्याकडे दाबला जातो, मग उलटी वाकते, धनुष्याला वळसा घालते आणि शेपूट मोकळं काढून घेते. भरल्या एसटीत दाराशी उभ्या माणसाला धक्का न लावता कोणी अंग चोरून उतरावं, तसा बाण धनुष्याच्या कडेने उतरतो.

किती वाकायचं, हे मात्र त्या त्या धनुष्याचं ठरलेलं असतं. काडी ताठ असली तर ती पुरेशी वाकत नाही, धनुष्याला घासून डावीकडे जाते. लवचीक असली तर गरजेपेक्षा जास्त वाकून उजवीकडे जाते. (डावखुऱ्यांनी हे सगळं उलट वाचावं.) ऑलिंपिकच्या रिकर्व्ह धनुष्याची मूठ मध्यापर्यंत कापलेली असते आणि बाण टेकतो तिथे स्प्रिंगचं बटण असतं. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोला ज्या प्रकारच्या धनुष्याने खेळला, त्यात काडीचं थोडं उणंअधिक त्या बटणाने सांभाळून घेता येतं. माझ्या धनुष्यात फिरवायला काही नाही. जे फिरवायचं ते बाणात.

मग मोजमाप आलं, आणि मोजमाप म्हटलं की दुकानदाराला हुरूप येतो. आधी धनुष्याचा जोर. पोती तोलायचा हुकाचा डिजिटल काटा दुकानात असतोच. तो दोरीला अडकवून ओढला. धनुष्यावर लिहिलं होतं २८ इंचांना ३८ पौंड. पण माझा हात २७ इंचांवर थांबतो, आणि तिथे काट्याने १६ किलो दाखवले. म्हणजे ३५ पौंड. तीन पौंडांनी माणसाला काही वाटत नाही, काडीला वाटतं.

मग काडीचा ताठपणा. त्याला इंग्रजीत स्पाइन म्हणतात आणि धनुर्धर मंडळीही मराठी बोलताना स्पाइनच म्हणतात. लाकडी बाणांसाठी ठरलेली रीत अशी: २६ इंचांवर दोन आधार, त्यांवर काडी आडवी, मधोमध दोन पौंडांचं वजन, आणि काडी किती लवते ते बघायचं. एका फळीवर ६६ सेंटिमीटर अंतराने दोन खिळे ठोकले. दोन पौंड म्हणजे ९०७ ग्रॅम. तराजूची ९०० ग्रॅमची मापं पातळ पिशवीत घातली आणि वर एक दहा रुपयांचं नाणं टाकलं, ते पावणेआठ ग्रॅम भरतं. लेथवाल्या मित्राने डायल गेज दिलं, परत करायच्या बोलीवर. नियम आहे २६ भागिले लवलेले इंच. मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्याला याहून सोपी युक्ती सापडते: ६६० ला लवलेल्या मिलिमीटरने भागा, उत्तर थेट पौंडात. धनुष्याबरोबर आलेली काडी १३ मिलिमीटर लवली. म्हणजे ५० पौंडांची. पस्तीस पौंडांच्या धनुष्याला ५० पौंडांची काडी! तिने डावीकडे जाऊ नये तर काय करावं. माझ्या धनुष्याला, मूठ कापलेली नसल्यामुळे, पस्तिशीच्या आसपासची काडी हवी. गेजवर साडेसतरा ते एकोणीस मिलिमीटर.

आता बाण घरीच करायचे ठरलं. वसमतला लाकडी काड्या मिळत नाहीत, बांबू मिळतो. बुरुडाच्या घरी सुपं, टोपल्या, डालगी विणणाऱ्या मावशी आहेत. आमच्या दुकानातून त्या कोयत्याला लावायची कानस नेतात. त्यांच्या परड्याला किनवटकडून आलेला मानवेल रचलेला असतो. मानवेल जवळजवळ भरीव निघतो, म्हणून लाठीला चालतो आणि बारीक निघाला तर बाणाला. मी करंगळीपेक्षा बारीक काड्या निवडायला लागलो तशा त्या म्हणाल्या, “भाऊ, एवढ्या बारक्या कामून घ्यायलाव? याची टोपली बी व्हत नाही.”

“बाण करायचेत, मावशी.”

“मग त्या सरळ कायला निवडता? पेरं लांब असलेल्या निवडा. वाकडी काडी जाळावर सरळ व्हती, आखूड पेराची व्हत नाही.”

ही एक गोष्ट सांगून त्यांनी माझा एक हंगाम वाचवला. बांबू वाकडा असतो तो गाठीशी. पेरं कमी तर गाठी कमी, आणि सरळ करायच्या जागाही कमी. अंधाऱ्या पक्षात तोडलेला बांबू घेत जा, त्याला भुंगा लागत नाही, असंही त्या म्हणाल्या. भुंगा येतो बांबूतल्या पिठूळ अंशासाठी, एवढं मला माहीत आहे. मी तिथीच्या वादात पडलो नाही, त्यांनी दिला तो बांबू घेतला.

काड्या सावलीत दोनेक महिने वाळू दिल्या. तोवर हळदीचा हंगाम आला. वसमतची हळद जीआय मानांकन मिळालेली, तिच्यावर लिहायला इथे दुसरी माणसं पुष्कळ आहेत. मला तिच्याखालचा जाळ हवा होता. मेहुण्याच्या शेतात हळद शिजते तेव्हा बॉयलरखाली बाभळीची लाकडं जळत असतात आणि बाहेर ओढलेले निखारे तासन् तास धगधगतात. दुकानातल्या गॅसच्या बत्तीपेक्षा ते बरे. बत्तीने साल करपते आणि आत गारच राहते.

काडी निखाऱ्यांवर वीतभर उंचीवर धरायची आणि सारखी फिरवायची. गाठ तापली की सालीला चमक येते, कुठे बारीक फेस दिसतो, बांबूचा गोडसर वास सुटतो. त्या क्षणी ती हातात मऊ लागते. जाड चामड्याचा हातमोजा घालून गुडघ्यावर अलगद दाबायची, सरळ रेषेपेक्षा थोडी पलीकडेच, आणि थंड होईपर्यंत तशीच धरायची. सोडली की ती जराशी परत येते आणि सरळ उभी राहते. एक गाठ झाली की पुढची. मग डोळ्याशी धरून बंदुकीच्या नळीसारखं बघायचं, पुन्हा एखादी गाठ. मेहुण्याचे मजूर सुरुवातीला हसले. नंतर त्यातल्या एकाला ते इतकं आवडलं की चहाच्या सुट्टीत तो चार काड्या सरळ करून देई. त्याच्या काड्या माझ्यापेक्षा सरळ असायच्या.

बांबूची साल तासायची नाही. सगळी ताकद त्या वरच्या पातळ थरात असते. आतला भाग भुसभुशीत. गाठींचे उंचवटे कानशीने काढायचे, बाकी साल जशीच्या तशी. त्यामुळे लाकडासारखं घासून घासून ताठपणा कमी करता येत नाही. निवडूनच घ्यावा लागतो. चाळीसेक काड्या गेजवर टाकल्या तेव्हा पंधरा मिलिमीटरपासून चोवीसपर्यंत सगळे नमुने निघाले. हव्या त्या पट्ट्यातल्या निम्म्याहून कमी. ताठ काड्या मी पुतण्यासाठी बाजूला बांधून ठेवल्या, त्यांचा उपयोग पुढे झाला.

गेजवर आणखी एक गोष्ट कळते. काडी वजनाखाली असताना हळूहळू फिरवली तर काटा हलतो. एकाच काडीची एक बाजू ताठ, दुसरी नरम. बांबू कुठल्याच बाजूने सारखा नसतो. प्रत्येक काडीची ताठ बाजू शाईने खूण करून ठेवली. दोरीची खाच अशी पाडायची की सगळ्या बाणांची तीच बाजू धनुष्याकडे येईल. नाहीतर बारा बाण म्हणजे बारा वेगवेगळी माणसं.

बांबू एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक, हे तर आहेच. जाड टोक पुढे ठेवायचं की मागे? आपल्या जुन्या धनुर्वेदाच्या ग्रंथांत बाणांचे यावरून तीन प्रकार केलेत. पुढे जाड तो स्त्री, मागे जाड तो पुरुष, सगळीकडे सारखा तो नपुंसक. स्त्रीबाण दूर जातो, पुरुषबाण जोरात भेदतो आणि निशाणासाठी नपुंसक उत्तम, असं म्हटलंय. नावं आज कोणी ठेवणार नाही, पण वर्गवारी करणाऱ्याने बाण हातात घेऊन सोडलेला आहे हे नक्की. मी पुढे जाड ठेवले. कारण साधं: शेपूट बारीक असलं की धनुष्याच्या कडेने ते सुटं निघतं. निशाणासाठी सगळीकडे सारखा बाण लागेल तर बांबूत तो मिळत नाही, एवढंच त्या शास्त्रकाराला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

टोकं पितळेची, लेथवर कातून घेतली. धनुष्याच्या दुनियेत वजन ग्रेनमध्ये बोलतात. १२५ ग्रेन म्हणजे आठ ग्रॅमला थोडं वर. सोनाराकडे जाऊन प्रत्येक टोक तोलून घेतलं. त्याने कौतुकाने बघितलं आणि मजुरी घेतली नाही. टोकाच्या वजनाला फार महत्त्व आहे, कारण पुढे जडपणा वाढला की दोरीच्या धक्क्याने काडी जास्त वाकते. म्हणजे गेजवर तीच काडी, पण धनुष्यावर लवचीक वागते. टोक हलकं केलं तर ताठ वागते. हे डोक्यात बसल्यापासून मला नांदेडचं शस्त्रदर्शन वेगळं दिसायला लागलं. वसमतहून नांदेड तासाभराच्या अंतरावर. सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं भाविकांना दाखवतात, त्यात धनुष्य-बाणही असतात. गुरूंच्या बाणांना सोनं लावलेलं असे, घायाळ झालेल्याला त्यातून उपचार करता यावेत म्हणून, अशी शीख परंपरा सांगते. सगळे हात जोडतात, मीही जोडतो. पण मनात येतं, सोनं लोखंडाच्या जवळपास अडीचपट जड. हे टोक लावल्यावर ज्याने काडी निवडली, त्याने किती ताठ निवडली असेल!

खाच पाडायला हॅकसॉच्या दोन पाती एकत्र टेपने बांधल्या की दोरीच्या जाडीची फट मिळते. खाच गाठीच्या लगेच वर घ्यायची, म्हणजे गाठ चिरेला अडवते, आणि खाली रिळाच्या दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन त्यावर फेव्हिक्विक. बाण दोरीला लावून सोडून दिला तर लटकून राहावा आणि दोरीला टिचकी मारली की पडावा. टिचकीने पडत नसेल तर सुटताना तो दोरीला धरून ठेवतो, आणि मग बाकीचं सगळं जुळवून उपयोग नाही.

इथून पुढे खरी परीक्षा. तिला पिसं लागत नाहीत, किंबहुना ती नसावीच लागतात. बाणाची पिसं वाऱ्यात मागून ओढ लावतात आणि वाकडा निघालेला बाण वाटेत सरळ करून देतात. म्हणून पिसं लावलेला बाण काही खरं सांगत नाही. निशाणाशी तो बरा दिसतो आणि निघताना धनुष्याला घासून गेलेला असतो. खरं बोलते ती बिनपिसाची काडी. पिसांएवढं वजन व्हावं म्हणून त्या जागी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळायची आणि पिसांच्या दोन-तीन बाणांबरोबर तिलाही सोडायची. दोघं एकाच ठिकाणी आले तर धनुष्य, बाण आणि माणूस यांचं पटतं.

मेहुण्याच्या शेताच्या कडेने कॅनॉलचा उंच भराव आहे. ज्वारी निघाल्यावर त्या पडीक पट्ट्यात हळदीचं जुनं बारदान चिंध्यांनी ठासून उभं केलं, पाठीला मातीचा भराव. त्या बाजूला वाट नाही, जनावरं नाहीत, हे बघून घेतलं. बारदानातून उडणारी पिवळी धूळ टोकांवर बसायची, त्यावरून बाण किती खोल गेला ते कळे. दहा पावलांपासून सुरुवात. बिनपिसाची काडी तिरकी घुसली तर लांबून मोडायची भीती असते. आणि दर खेपेला सोडण्याआधी काडी दोन्ही हातांत वाकवून कानाशी धरायची; कुठे चिरली असेल तर बारीक ‘टच’ ऐकू येतो. ती काडी तिथेच मोडून टाकायची. चिरलेला बांबू सुटताना फुटला तर कामट्या थेट डाव्या हातात घुसतात.

आधी वर-खाली बघावं, मग डावं-उजवं. हा क्रम पाळला नाही तर गोंधळ होतो, कारण खाच दोरीवर खाली बसली तर बाणाचं शेपूट मुठीला आपटून वर उडतं आणि तो उडताना बाजूलाही फेकला जातो. आमची बिनपिसाची काडी पिसांच्या बाणांच्या वर लागत होती, शेपूट खाली करून. म्हणजे दोरीवरची खूण खाली आहे. दोऱ्याची गाठ सोडून वर बांधली, पुन्हा सोडलं. मग आणखी थोडी वर. मुठीवरच्या काटकोनापासून अर्ध्या इंचाच्या आसपास ती स्थिर झाली.

दोरीचा ताणही याच वेळी ठरवायचा. धनुष्य चढवलेलं असताना दोरी मुठीपासून किती दूर असावी, तर इंग्रज लोक म्हणत, मूठ आवळून अंगठा उभा केल्यावर होते तेवढ्या उंचीएवढी. माझ्या हाताने ती सव्वासहा इंच येते. दोरीला पीळ वाढवला की ती आखूड होते आणि अंतर वाढतं. मी पाव-पाव इंचाने वाढवत गेलो आणि कान दिला. एका जागी धनुष्याचा खणखणाट बसला आणि बाण कमी थरथरत निघायला लागला. पावणेसात इंच. ते फळीवर लिहून ठेवलं, कारण दोरी आठवड्यात सैल पडते आणि मग माणूस बाणाला दोष देत बसतो.

आता डावं-उजवं. काड्या मी मुद्दाम लांब ठेवल्या होत्या, ३१ इंचांच्या. लांब काडी जास्त वाकते, म्हणजे लवचीक वागते. बिनपिसाची काडी त्यामुळे उजवीकडे लागणार, आणि तशीच लागली, बारदानावर वीतभर उजवीकडे. हे बरोबर आहे. उजवीकडून मध्याकडे येणं सोपं, कारण काडी कापता येते. कापलेली वाढवता येत नाही. टोक तापवून काढायचं, पुढून पाव इंच कापायचं, टोक परत बसवायचं, सोडून बघायचं. प्रत्येक पाव इंचाला ती काडी पिसांच्या बाणांकडे सरकत आली. साडेएकोणतीसला बोटभर अंतर उरलं. शेवटचा फरक कापून काढला नाही; मुठीच्या वर, बाण टेकतो त्या जागी चामड्याचा पातळ तुकडा चिकटवला. बाण मध्यापासून अजून थोडा दूर गेला की तो जरा ताठ वागतो. चपलेच्या अंगठ्याचं चामडं, मोजून दीड मिलिमीटर. दहा पावलांवर जुळलं, मग वीस पावलांवर पुन्हा बघितलं, कारण अंतर दुप्पट झालं की लपलेला दोष उघडा पडतो.

या सगळ्यात एकच शिस्त आहे आणि ती पाळणं बांबू सरळ करण्यापेक्षा अवघड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पुतण्याला ते जमत नाही. बाण डावीकडे गेला की तो दोरी पिळतो, टोक बदलतो आणि उभं राहण्याची ढबही बदलतो, आणि मग विचारतो, “काका, कशाने सुधारलं?”

माझा हातही या हिशेबात धरावाच लागतो. संध्याकाळी दमलेला हात दोरी सोडताना बाजूला ओढतो आणि चांगली काडी ताठ असल्यासारखी डावीकडे जाते. म्हणून परीक्षा सकाळीच, दुकान उघडायच्या आधी. शंका आली की तेच बाण पुतण्याच्या हाती द्यायचे. त्याचा सोडण्याचा हात माझ्यापेक्षा किती तरी साफ आहे. पण त्याने माझंच धनुष्य, माझेच जुळवलेले बाण सोडले आणि बिनपिसाची काडी उजवीकडे गेली. तो साडेअठ्ठावीस इंच ओढतो. दीड इंच जास्त म्हणजे चार-पाच पौंड जास्त जोर, आणि तेवढ्या जोराला माझी काडी लवचीक ठरली. त्याने खांदे उडवले. मला मात्र फार बरं वाटलं. गेज, सूत्र आणि बारदान तिन्ही एकच बोलत होते. त्याच्या धनुष्यासाठी मी ती बाजूला बांधलेली ताठ काड्यांची जुडी सोडली. इंग्लंडच्या मेरी रोझ या युद्धनौकेतून साडेतीन हजारांवर बाण वर आले, १५४५ मध्ये बुडालेले. सैन्याला हजारांनी बाण लागायचे, तिथे प्रत्येक माणसाचं माप कोण घेत बसणार. आमच्यासारख्या दोघांना ती चैन परवडते.

बाकीच्या बाणांना पिसं शेवटी. टर्कीची मिळाली; मोराचं, गिधाडाचं नाव काढू नये, दोन्ही पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण आहे. एका बाणाची तिन्ही पिसं एकाच पंखाची हवीत, सगळी डावी किंवा सगळी उजवी, कारण पिसाला जन्मतः बाक असतो आणि मिसळली तर बाण फिरायचं की थांबायचं ते ठरवू शकत नाही. आकार द्यायला जुन्या इस्त्रीच्या कॉइलची तार वाकवून तापवतो. घरात केस जळाल्याचा वास पसरतो आणि आमच्या सौभाग्यवती खिडक्या उघडतात. पिसाच्या पुढच्या दांडीचं टोक मात्र तासून, दोऱ्याने बांधून, गोंदाखाली गाडावं लागतं. बाण मुठीवरून जातो ना. दांडी उघडी राहिली तर ती दर खेपेला तर्जनीच्या सांध्यावर तीच एक चीर काढते, आणि मग हात आपोआप घाबरून बाजूला व्हायला लागतो.

पावसाळ्यात बांबू हवेतली ओल पितो. जवसाच्या तेलाचे दोन हात आणि वर वॉर्निश दिलं तरी आषाढात बारापैकी दोन-तीन काड्या गाठीशी मान टाकतात. हळदीचे निखारे तेव्हा नसतात, म्हणून चहाच्या शेगडीवर भागवावं लागतं. उन्हाळ्यात याच्या उलट. बेचाळीस अंशांत धनुष्य मोटारीच्या डिकीत ठेवलं तर त्याचा जोर उतरतो, आणि उतरलेल्या जोराला तेच बाण ताठ वाटायला लागतात.

आता प्रत्येक बाणावर क्रमांक आहे आणि दुकानाच्या जुन्या उधारीच्या वहीत त्याचं पान. लवलेले मिलिमीटर, वजन, लांबी, कुठे लागतो. त्यामुळे एक गंमत कळली. सात नंबरचा बाण गेजवर, काट्यावर, लांबीत बाकीच्यांसारखाच, पण कायम डावीकडे जायचा, मी सोडला तरी आणि पुतण्याने सोडला तरी. तो पुन्हा गेजवर ठेवून फिरवला तर शाईची खूण भलत्याच बाजूला. ताठ बाजू खरं तर फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याने पुढे होती; काडी दुसऱ्यांदा तापवून सरळ केली तेव्हा ती सरकली असणार. जुनी खाच कापून टाकली, गाठीच्या वर नव्याने पाडली, पिसं काढून परत लावली. सात नंबर आता बाकीच्यांबरोबर लागतो. लांबीला पाऊण इंच कमी झाला म्हणून टोक थोडं जड दिलंय, १४० ग्रेनचं, आणि वहीत तसं लिहिलंय.